केळवणातला दर्पण

मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात: दर्पणच्या आधीचा आणि दर्पणच्या नंतरचा. आधीच्या भागात माणूस माणसाला ओळखू शकत नव्हता. त्यामुळे युद्धं झाली, साम्राज्यं कोसळली, मोठमोठी घराणी बुडाली. नंतरच्या भागात मात्र प्रत्येकाच्या कपाळावर सत्याचा सूर्य उगवला.

हे सगळं दर्पणच्या खोक्यावर छापलेलं होतं. त्याच्याच खाली, जरा बारीक अक्षरांत, घामट कपाळावर लावू नये आणि लहान मुलाने गिळल्यास डॉक्टरांना दाखवावं, असंही छापलेलं होतं.

वस्तू टिकलीएवढी. केसांच्या रेषेखाली चिकटवायची. बायका टिकलीच्या वर लावत, पुरुष गंधाच्या जागी. सोबत पत्त्यांच्या कॅटएवढा एक पडदा मिळे, तो समोर उभा करायचा. टिकली लावलेला माणूस बोलू लागला की पडद्यावर शून्य ते शंभर यांतला एक आकडा येई.

तो आकडा कशाचा, हे समजून घेण्याची तसदी फार कमी लोकांनी घेतली, म्हणून इथे सांगून टाकू. कपाळाच्या हाडामागे मेंदूचा जो भाग असतो, तो आपल्या वागण्याचा मुकादम. जीभ आवर, पाय हलवू नकोस, आता हस, पुरे, आता सहानुभूती दाखव, असे हुकूम तो दिवसभर सोडत असतो. हुकूम वाढले की त्याला जास्त रक्त लागतं, आणि रक्तासोबत प्राणवायू. डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश हाडातून थोडा आत शिरतो, आणि प्राणवायू असलेलं व नसलेलं रक्त तो कमी-जास्त शोषून घेतं. परत येणारा प्रकाश मोजला की मुकादम किती राबतोय ते कळतं. त्यात भुवयांच्या स्नायूंतले बारीक विद्युतप्रवाह मिळवायचे. थोडक्यात, चेहरा बाहेर काय करतोय आणि त्याला तसं ठेवायला आत किती गडी कामाला लागलेत, याचा तो हिशेब.

हे यंत्र पुण्याच्या डॉ. अश्लेषा तासगावकरांनी बनवलं तेव्हा त्याचं नाव सायासमापक होतं. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांसाठी ते होतं. यांतले पुष्कळजण चारचौघांत चारचौघांसारखं दिसण्यासाठी दिवसभर इतके राबतात की आपण दमलोय हेही त्यांना कळत नाही. मग एके दिवशी ते आडवे होतात आणि महिनाभर उठत नाहीत. आकडा सत्तरच्या वर रेंगाळला की टिकली थरथरायची आणि सांगायची, घरी जा. एवढंच तिचं काम.

मग ते एका कंपनीने विकत घेतलं. सायास म्हटलं की गिऱ्हाइकाला आधीच घाम फुटतो, असं जाहिरात खात्याचं मत पडलं. यंत्राचं नाव दर्पण झालं, आणि 'आपल्या माणसाचं मन पाहा' असे फलक लागले. डॉ. तासगावकर प्रत्येक मुलाखतीत सांगत, "हे कष्ट मोजतं, खरं-खोटं मोजत नाही." मुलाखती घेणारे ते वाक्य कापत, कारण त्याने मजा जात होती. लोकांनी आपापला निष्कर्ष काढला: बोलायला कष्ट पडतायत, म्हणजे माणूस खोटं बोलतोय.

ज्यांना खोटं बोलायचा दांडगा सराव होता, त्यांचे आकडे तान्ह्या बाळासारखे आले. निवडणुकीला उभे राहिलेले, जमिनीचे दलाल, व्याख्याते, सगळे पाचाच्या आत. पहिल्यांदाच भाषण करणाऱ्या एका शाळामास्तरांचा आकडा अठ्ठ्याण्णव आला, आणि गावाने त्यांच्याकडून सत्काराचा नारळ परत घेतला.

नाशकात मात्र दर्पणचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पंगतीत. आपल्याकडे पाहुण्याने 'नको' म्हणायचं, यजमानाने वाढायचं, पाहुण्याने हात आडवा धरायचा, आणि बोटांत किती फट आहे यावरून यजमानाने खरं काय ते ओळखायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे शास्त्र अंदाजावर चाललं होतं. आता ते काम दर्पण करू लागला. 'नको' म्हणताना आकडा वर गेला, की वाढा.

डॉ. जुई वाघचौरे ही दातांची डॉक्टर होती, वय बत्तीस, दवाखाना कॉलेज रोडला. धंद्याची निवड तिने विचारपूर्वक केली होती. ज्याच्या तोंडात आपली दोन बोटं आणि एक आरसा आहे, तो माणूस हवापाण्याच्या गप्पा मारू शकत नाही. शिवाय आपल्या तोंडावर मास्क असतो.

तिला ऑटिझम आहे हे तिला तीन वर्षांपूर्वी कळलं. त्याआधी ती फक्त दमलेली असे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, हे वाचून ती बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली. दिवसभर ती इतरांच्या भुवयांमध्ये मग्न असे. स्वतःत मग्न व्हायला तिला रविवार दुपारशिवाय सवड नव्हती.

डोळ्यांत पाहिलं की तिला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ती नाकाच्या बुडख्याकडे पाही. कुणी 'काय म्हणता' विचारलं, तर काही म्हणायचं नसतं, हे तिने पाठ केलं होतं. कुणाच्या घरी गेल्यावर आधी घराचं कौतुक, मग मुलांचं, मग चहाला एकदा नकार, मग होकार. हे सगळं इतकं बेमालूम जमे की तिने वडिलांना निदान सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काहीतरीच. तू तर व्यवस्थित बोलतेस की." वीस वर्षांच्या मेहनतीला मिळालेलं ते प्रमाणपत्र होतं, आणि त्याच कारणाने तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

तिचं लग्न अभिराम थेटेशी ठरलं होतं. तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत इंजिनिअर होता, मोकळाढाकळा होता, आणि तो तिला इतका आवडायचा की त्याच्यासमोर ती सगळ्यात जास्त काळजी घेई. निदानाबद्दल त्याला सांगितलेलं नव्हतं. आज सांगू म्हणता म्हणता साखरपुडा झाला होता आणि लग्नावर महिना राहिला होता.

केळवण अभिरामच्या मनीषाआत्यांनी केलं, गंगापूर रोडला. मे महिना. ताटात आमरस, पुरणपोळी, कुरडया, सार. ताटाभोवती रांगोळी, आणि ताटापुढे दर्पणचा पडदा.

"घाबरायचं नाही बरं का," आत्या जुईच्या कपाळाला टिकली लावत म्हणाल्या. "गंमत आहे सगळी. आमच्या वेळी असलं नव्हतं म्हणून मी अर्धपोटी उठायचे लोकांकडून."

जुईला नको म्हणायचं होतं. पण दर्पणला नको म्हणणाऱ्या माणसाबद्दल लोक काय समजतात ते तिला माहीत होतं. ती ठरवून ठेवलेलं, साध्या आनंदाचं हसू हसली.

"रस वाढू?"

"नको आत्या, झालं."

पडदा ब्याऐंशी म्हणाला.

"बघ, पोटातलं ओठावर आलं," आत्या म्हणाल्या, आणि वाटी भरली.

जुईने ती संपवली, कारण ताटात टाकायचं नसतं. वाटी रिकामी दिसताच आत्या परत आल्या. या वेळी जुईने अधिक कळकळीने नको म्हटलं. कळकळीलाही कष्ट पडतात. आकडा पंच्याऐंशी झाला.

"अगं, लाजतेस किती. घरच्याच आहोत ना आपण."

चौथ्या वाटीला अभिरामच्या आई ज्योत्स्नाकाकू मध्ये पडल्या. "मनीषा, पुरे आता, तिला खरंच नको असेल."

"वहिनी, मशीन खोटं बोलतं का?" आत्या म्हणाल्या.

पलीकडे अभिरामचे किशोरमामा बसले होते. ते प्लॉटचे व्यवहार करत. त्यांना पुरण आवडत नसे. अर्धी पोळी त्यांनी सफाईने वाटीखाली सरकवली होती, आणि हे फक्त जुईला दिसत होतं, कारण चेहरे चुकवण्यासाठी ती लोकांच्या ताटांत पाहत होती.

मग उखाण्याची टूम निघाली. जुईने उखाणा स्वतः रचून आणला होता, आरशासमोर म्हणून पाहिला होता, कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं. तिने मान किंचित कलती केली.

"अक्कलदाढ येते उशिरा, पण येते ठाम;
थेट्यांच्या पंगतीत माझ्या शेजारी अभिराम."

सगळे खळखळून हसले. अभिराम तर लालच झाला. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, सगळ्यांच्या नजरा एकदम पडद्याकडे गेल्या.

एक्क्याण्णव.

कुरडई चावण्याचा आवाज थांबला.

"मशीन बिघडलं असेल गं," आत्या म्हणाल्या. त्यांनी टिकली काढून किशोरमामांच्या कपाळाला लावली. "मामा, पोळ्या कशा झाल्यात?"

"अप्रतिम," मामा म्हणाले. "अशा पोळ्या आमच्या आईच्या हातच्या खाल्ल्या होत्या. त्यानंतर आजच."

पडदा दोन म्हणाला.

"नाही," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "मशीन चांगलंय."

केळवणानंतर अभिराम तिला गाडीतून घरी सोडायला निघाला. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाला, "माझं नाव घेताना एक्क्याण्णव?"

अशा वेळी काहीतरी हलकं बोलायचं असतं, एवढं जुईला माहीत होतं.

"गरम होत होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाकाकूंचा फोन आला. त्या बोलत होत्या प्रेमानेच, पण आदल्या दिवसानंतर मनीषाआत्यांचेही त्यांना बरेच फोन येऊन गेलेले दिसत होते.

"जुई, मला मनात ठेवून वागता येत नाही, म्हणून सरळ बोलते. लोक म्हणतायत, मुलगी आत एक, बाहेर एक आहे. मला तसं वाटत नाही. पण आकडा तर मी डोळ्यांनी पाहिला. तू रविवारी घरी ये. आपण दोघीच बसू. शांतपणे एकदा लावून बघू. चाळिसाच्या आत आला, तर मी सगळ्यांची तोंडं बंद करते."

"आणि नाही आला तर?"

"तर मला अभिरामशी बोलावं लागेल, बाळा. आयुष्याचा प्रश्न आहे त्याच्या."

चाळिसाच्या आत आकडा आणून देणारे लोक गावात होतेच. दर्पण बाजारात आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी फलक लावले होते. जुई सहजता वर्गाला गेली. शिकवणारे गृहस्थ पूर्वी विमा विकत.

"सैल सोडा," ते म्हणाले. "सहज होण्याचा प्रयत्न करा."

"प्रयत्न केला की आकडा वाढतो," जुई म्हणाली. "मग प्रयत्न कसला करायचा?"

"प्रयत्न न करण्याचा."

जुईने तोही मनापासून केला. सत्त्याण्णव आला.

शेजारी एक बँक मॅनेजर होते. साहेबांचं कौतुक करताना त्यांचा आकडा साठावर जाई, म्हणून बढती अडली होती. ते जुईच्या पडद्याकडे पाहून आदराने म्हणाले, "तुमचे साहेब फारच वाईट असले पाहिजेत."

तास संपल्यावर गृहस्थांनी जुईला बाजूला घेतलं. "मॅडम, एक उपाय आहे. बोलताना मनात असं समजायचं की आपण खोटं बोलतोय. पुष्कळांना त्याने एकदम हलकं वाटतं." जुईने त्यांचे आभार मानले आणि ती परत तिकडे गेली नाही.

गुरुवारी दुपारी अभिराम दवाखान्यात आला. शेवटचा पेशंट नुकताच गेला होता. दवाखान्यात बसायला जुईचं स्टूल आणि पेशंटची खुर्ची एवढंच होतं, म्हणून तो पेशंटच्या खुर्चीत बसला. खुर्ची अर्धी आडवी झालेली होती, त्यामुळे त्याला गंभीर दिसायला जरा अडचण आली.

खिशातून त्याने दर्पण काढून हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवला. "आत्याकडून आणलाय. मी भांडायला आलो नाही. पण आई रविवारी बघायच्या आधी मला बघायचंय. मी समोर असताना किती येतो ते."

जुईने टिकली आधी स्पिरिटने पुसली, मग लावली. तोंडावरचा मास्क तसाच होता.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

पडदा एकवीस म्हणाला. अभिराम कोपरावर उठला. "एकवीस? मग परवा काय झालं होतं? मास्क काढ ना, नीट बघू दे."

जुईने मास्क काढला. काहीही न बोलता आकडा चढू लागला. चाळीस. पंचावन्न. अठ्ठ्याहत्तर.

दोघेही पडद्याकडे पाहत राहिले. शेवटी इंजिनिअर आणि डॉक्टर.

"परत लाव," अभिराम म्हणाला.

तिने लावला. आकडा उतरला. काढला, चढला. अभिरामने खुर्चीत नीट बसत तिसऱ्यांदा करायला लावलं, कारण दोन वेळा हा योगायोगही असू शकतो.

"हे काय आहे?"

"मी मास्क लावूनच बोलू का?" जुईने विचारलं.

"बोल."

"मास्क असला की खालचा अर्धा चेहरा सुट्टीवर असतो. एरवी तो मला हाताने चालवावा लागतो. म्हणजे हाताने नाही. तुझ्यात आपोआप होतं ते. कुणी विनोद केला की तुझा चेहरा हसतो. माझ्यात आधी मला कळावं लागतं की विनोद झाला, मग किती हसायचं ते ठरवावं लागतं, मग थांबायचं कधी ते. तेवढ्यात पुढचं बोलणं सुरू झालेलं असतं." ती थांबली. "मला ऑटिझम आहे. तीन वर्षांपूर्वी कळलं. तुला सांगायला हवं होतं."

अभिराम खुर्चीच्या वरच्या दिव्याकडे पाहत राहिला. तो चालू नव्हता.

"पण तुझ्याकडे बघून वाटत नाही."

"वाटू नये म्हणूनच चाललंय सगळं."

"कशासाठी पण?"

"पाचवीत मी बाईंच्या डोळ्यांत बघून नमस्कार केला नाही म्हणून त्यांनी मला उद्धट ठरवलं आणि वर्गाला सांगितलं, हिच्याशी बोलू नका. वर्गाने ते मनावर घेतलं. वर्षभर. त्यांनी दुसरं काही कधी मनावर घेतलं नव्हतं." ती ट्रेमधली हत्यारं एका रेषेत लावू लागली. "प्राजक्ता नावाची मुलगी होती, ती सगळ्यांना आवडायची. मी ती पाठ केली. ती मान कशी कलती करते, 'अय्या' कुठे म्हणते, हसते कशी. सहावीत मला मैत्रिणी मिळाल्या. मग कॉलेजात चाललं, तोंडी परीक्षेत चाललं, पेशंटना चाललं. आता ते काढलं तर खाली काय आहे, हे मलाच माहीत नाही. दुकान बंद करायला भीती वाटते तसं."

"ते हसणं," अभिराम सावकाश म्हणाला. "मान कलती करून हसतेस ते. मला पहिल्यांदा तेच आवडलं होतं."

"ते प्राजक्ताचं आहे. सातवीत वडिलांच्या बदलीमुळे ती साताऱ्याला गेली. हसू माझ्याकडे राहिलं."

"म्हणजे मी साताऱ्याच्या कुठल्यातरी बाईच्या प्रेमात पडलोय?"

जुईने प्रामाणिकपणे विचार केला. "हसण्यापुरतं, हो."

अभिरामला हसू फुटलं, आणि मास्कच्या आडून जुईच्या नाकातून एक आवाज आला. कुकरची शिट्टी होता होता राहावी तसा. तिने चटकन तोंडावर हात ठेवला, पण तिथे मास्कच होता.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझं असावं."

पडदा सात म्हणाला.

मग अभिरामने टिकली स्वतःच्या कपाळाला लावली आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." तीन आले. त्याला फार बरं वाटलं. त्याने पडदा तिच्याकडे वळवून दाखवला.

"तीन," जुई म्हणाली. "म्हणजे तुला काहीच कष्ट पडत नाहीत."

"हो ना."

"माझे अठ्ठ्याहत्तर पडतात. तरी मी रोज येते."

त्यानंतर अभिराम पडदा परत आपल्याकडे वळवायचं विसरून गेला. थोड्या वेळाने म्हणाला, "रविवारी आईकडे मास्क लावूनच जा."

"जेवायला?"

रविवारी जुई इंदिरानगरला थेट्यांच्या घरी गेली, मास्कशिवाय. अभिरामला काकूंनी वाण्याकडे पिटाळलं होतं, आणि त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ लावायचं कबूल केलं होतं. टीपॉयवर कैरीचं पन्हं होतं आणि त्याच्या शेजारी अभिरामने आत्यांकडून आणलेला दर्पण.

काकूंनी स्वतःच तिला टिकली लावली, लग्नात नवरीला लावावी तशी, हनुवटीला धरून.

"हं. काय विचारू गं मी तुला? मलाही सुचत नाही. अभिराम आवडतो ना तुला?"

"आवडतो."

एक्क्याऐंशी. काकूंचा चेहरा पडला. जुईला तो पडलेला दिसला, आणि अशा वेळी काय म्हणायचं असतं तेही आठवलं. तिने ते म्हटलं नाही.

"काकू, तो खाली येणार नाही. तुम्ही मला नाव विचारलं असतं तरी एवढाच आला असता." मग तिने सगळं सांगितलं. मुकादम, पाचवीच्या बाई, प्राजक्ता, नाकाचं बुडखं. सांगताना ती टीपॉयच्या कोपऱ्याकडे पाहत होती, कारण एवढं सगळं सांगायचं आणि वर नाकाकडेही बघायचं, हे एकाच वेळी जमणं शक्य नव्हतं. "आत्यांकडे मला खरंच रस नको होता. चार वाट्या."

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या. पन्ह्याचा ग्लास त्यांनी उगीच इकडचा तिकडे केला. "म्हणजे आमच्याकडे यायचं म्हणजे तुला कष्टच."

"हो."

या 'हो'ची काकूंना सवय नव्हती. त्यांच्या घरात अशा वाक्यावर समोरच्याने 'छे, असं काय म्हणता' म्हणायची रीत होती. त्या थोडा वेळ 'छे'ची वाट पाहत थांबल्या.

"मग कशाला येतेस गं?"

"तुम्ही आवडता म्हणून. जे आवडत नाहीत त्यांच्याकडे मी जात नाही. तिथे माझा आकडा शून्य असतो, कारण मी घरी असते." ती पुढे म्हणाली, "माझ्यासाठी कुणाकडे जाणं म्हणजे, तुम्ही कुणासाठी पुरणाचा घाट घालता ना, तसं आहे. घाम आला म्हणजे पोळ्या खोट्या, असं होत नाही."

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडून बंद केला आणि परत आल्या. मग त्यांनी जुईच्या कपाळावरची टिकली काढली आणि स्वतःच्या कपाळाला, कुंकवाच्या वर लावली. दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"मनीषा आली, की मला फार बरं वाटतं," त्या पडद्याला म्हणाल्या.

शहात्तर.

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते, ते हसू होतं हे जुईला जरा उशिरा कळलं. "तीस वर्षं, जुई. दर दिवाळीला. मग माझंही तेच की गं. आपण दोघी सारख्याच."

"नाही," जुई म्हणाली. "तुमचं मनीषाआत्यांपुरतं आहे. त्या गेल्या की तुम्ही पाय पसरून बसता. माझं रिक्षावाल्यापासून सुरू होतं. आणि मला पाय पसरायचेही लक्षात ठेवावे लागतात."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी टिकली काढली, पडदा पालथा घातला. त्या जुईच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला. "मनीषाला काय सांगायचं ते मी सांगते. लग्न ठरल्या दिवशी होईल. आणि आजपासून या घरात तुला काही लपवायचं नाही. हसावंसं वाटलं नाही तर हसू नकोस. बोलावंसं वाटलं नाही तर खोलीत जाऊन दार लावून घे, कुणी विचारणार नाही, विचारलं तर मी बघते. या घराण्यात आजवर कुठल्या सुनेला कुणी हे म्हटलं नाही. मला म्हटलं नाही. पण मी तुला म्हणतेय. तुला काय हवं, काय नको, ते तू मला तोंडावर सांगायचं. आईला सांगतात तसं. आहे कबूल?"

जुईने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाचं पाठ केलेलं नव्हतं. काकू तिचा हात घट्ट धरून मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत होत्या, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. बाहेर फाटक वाजलं, अभिराम वाण्याकडून आला होता.

"काकू," जुई म्हणाली, "हात धरून ठेवा. फक्त अंगठा फिरवू नका."